ऐरोलीच्या टाकीतलं केसाळ शेवाळ: एका उन्हाळ्याचं प्रकरण

१९ मे २०२४, रविवार. दुसऱ्या दिवशी लोकसभेचं मतदान होतं, म्हणून काका घरीच होते. त्यांनी सकाळीच फोन केला होता. "अगं, आता दगडच दिसेनासे झालेत. तू एकदा येऊन बघ, नाहीतर मी सगळं मोडून टाकतो."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे टीटीसी, म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यातले सहकारी. निवृत्तीनंतर ऐरोलीच्या घरात त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तीही माझीच टाकी बघून. त्यामुळे "मोडून टाकतो" हे शब्द मला लागले. मी ठाण्याहून निघाले ते मीटर, टेस्ट किट, भिंग आणि जुने टूथब्रश पिशवीत भरूनच.

टाकी

चार फूट लांब, दीड फूट रुंद, पावणेदोन फूट उंच. खाली संप, म्हणजे पाणी फिरून येतं ती छोटी टाकी, आणि त्यात स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण ओढून काढणारं यंत्र. दगड आणि वाळूची जागा वजा केली आणि संप धरला तर प्रत्यक्ष पाणी सुमारे २७० लिटर. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली. मासे चारच: क्लाउनफिशची जोडी, एक डॅमसेल आणि एक लॉनमोअर ब्लेनी. दगड चुनखडीच्या जातीचे. प्रवाळ एकही नाही. काकांना हवं होतं, पण कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पुढे या गोष्टीचा आम्हाला मोठा फायदा झाला, तो सांगेनच.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत काचेवर तपकिरी भुकटी धरली होती. ते डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शैवाल. नव्या टाकीत पाण्यातल्या सिलिकेटवर ते वाढतात आणि बहुधा आपोआप ओसरतात. तसे ते ओसरले. त्यानंतर वर्षभर टाकी छान होती.

एप्रिल २०२४ मध्ये ठाणे-रायगड पट्ट्यात उष्णतेच्या लाटेचे इशारे आले. टाकीचं तापमान साडेतीस अंशांवर गेलं. चिलर महाग, म्हणून काकांनी ५ एप्रिलला पाण्यावर वारा मारणारे दोन छोटे पंखे लावले. तापमान अडीच अंशांनी उतरलं. एप्रिल संपता संपता दगडांवर हिरवी लव दिसली आणि मेच्या मध्यापर्यंत तिचे बोटभर लांब केस झाले.

काका वहीवाले आहेत. कारखान्यात लॉगबुक लिहायची सवय, ती टाकीलाही लागली. रोज किती लिटर पाणी भरलं, तापमान किती, काय बदललं, सगळं तारखेनिशी. ती वही नसती तर हे प्रकरण लिहिण्याजोगं झालंच नसतं.

वहीप्रमाणे मेपर्यंतचे उपाय असे. तीन दिवस दिवा बंद ठेवून टाकीवर चादर टाकली. शेवाळ फिकं पडलं आणि आठवड्यात पुन्हा हिरवं झालं. पंधरा टर्बो गोगलगायी आणल्या, त्यांतल्या नऊ मेल्या. पंखे लावूनही टाकी तेव्हा गरमच होती, आणि मेलेल्या गोगलगायी वेळेवर बाहेर न निघाल्याने त्यांचंही खतच झालं. शिवाय लांब वाढलेले केस गोगलगायी खात नाहीत. त्यांना काचेवरचा पातळ थर किंवा आखूड लव लागते.

एका दुकानातून शेवाळ मारायची बाटलीही आली होती. काकूंनी ती ओतू दिली नव्हती. मी लेबल वाचलं तर बारीक अक्षरांत कॉपर सल्फेट. तांबं गोगलगायी-खेकड्यांना विष आहे, आणि चुनखडीचे दगड ते धरून ठेवतात. एकदा ओतलं की त्या टाकीत पुढे गोगलगाय सोडणं जुगारच. बाटली बंद राहिली, ती काकूंमुळे.

पहिली तपासणी आणि माझा पहिला निष्कर्ष

आधी ओळख पटवली. बोटाने ओढलं तर पापुद्र्यासारखं सुटून येत नाही, म्हणजे सायनोबॅक्टेरियाचा थर नाही. भिंगाखाली पिसासारख्या फांद्या नाहीत, म्हणजे ब्रायोप्सिस हे दुसरं हिरवं शेवाळही नाही. दगडाला घट्ट धरलेले साधे हिरवे धागे. केसाळ शेवाळच. ही ओळख आधी पटवावी लागते, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

मग पाणी तपासलं. क्षारता हजारी ३५, बरोबर. नायट्रेट लिटरमागे ८ मिलिग्रॅम, फॉस्फेट ०.०६. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. फक्त मासे असलेल्या टाकीसाठी हे आकडे कुणीही चांगलेच म्हणेल.

पण हे आकडे फसवे असतात. किट मोजतं ते शेवाळाने खाऊन उरलेलं. ताटात किती वाढलं होतं, हे उष्टं बघून कळत नाही. म्हणून मी टाकी सोडली आणि टाकीत जाणारं पाणी बघायला स्वयंपाकघरात गेले.

उन्हाने उडतं ते शुद्ध पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून भरायचं तेही गोडं आणि शुद्ध पाणी. काका घरच्या पिण्याच्या आरओचं पाणी भरत होते. नवी मुंबईला खालापूरजवळच्या मोरबे धरणाचं पाणी येतं, पण मे महिन्यात त्यांच्या सोसायटीत टँकरही येत होते आणि दोन्ही पाणी एकाच टाकीत पडत होतं. नळाचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, २८० भरला. आरओच्या तोटीला १५०.

हे जमेना. आरओचा पडदा धड असेल तर नव्वद टक्क्यांहून अधिक क्षार अडवतो. २८० चे तीसच्या आत यायला हवेत. झाकण उघडलं तेव्हा उलगडा झाला. आत टीडीएस कंट्रोलर होता, आणि पाण्याला चव यावी म्हणून तो बराच उघडून ठेवलेला. म्हणजे जवळजवळ निम्मं पाणी पडद्यातून न जाता बाजूने येऊन मिसळत होतं. पिण्याच्या पाण्यासाठी ही सोय मुद्दाम केलेली असते, त्यात दोष नाही. खाऱ्या टाकीसाठी मात्र ते आरओचं पाणी राहत नाही. ज्यांच्या घरी असा आरओ आहे आणि जे त्याच तोटीखाली टाकीची बादली लावतात, त्यांनी एकदा मीटर बुडवून बघावाच.

तोटीच्या पाण्यात नायट्रेट ९ आणि फॉस्फेट ०.२ निघालं. वहीत पाहिलं: पंख्याआधी रोज दोन लिटर भरावं लागे, पंख्यानंतर सहा. ५ एप्रिल ते १९ मे, पंचेचाळीस दिवस, २७० लिटर. टाकीत जेवढं पाणी आहे तेवढंच वरून ओतलं गेलं होतं, आणि पाणी उडालं तरी त्यातलं नायट्रेट-फॉस्फेट मागेच राहत होतं.

मला वाटलं, चोर सापडला. उन्हाळा, पंखे, टँकर, शेवाळ, सगळ्या तारखा जुळत होत्या. मी काकांना टाकीसाठी वेगळा छोटा आरओ आणि पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचा डबा बसवायला सांगितला. साडेसहा हजार रुपये गेले. तोटीला शून्य टीडीएस आला. "आता तीन आठवडे थांबा," असं मी खात्रीने सांगून आले.

९ जून

मुंबईत त्या दिवशी मान्सून आला. ऐरोलीला पोचेपर्यंत मी भिजले होते. टाकीत काडीचाही फरक नव्हता. फॉस्फेट ०.०५. केस होते तसेच, उलट मागच्या काचेवरही चढलेले. काका काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मी संपाखाली डोकं घालून स्किमरचा कप काढत होते. तेवढ्यात वर पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. काकांची नात स्टुलावर उभी राहून माशांना दाणे घालत होती. पुण्याहून दोन्ही नातवंडं एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सुट्टीला आली होती. मी विचारलं, "रोज तूच घालतेस का गं?" ती म्हणाली, "दुपारी मी. दादा शाळा-शाळा खेळून झाल्यावर घालतो. सकाळ-संध्याकाळ आजोबा." आतून काकू म्हणाल्या, "आणि कोलंबी निवडताना दोन तुकडे मी टाकते हो, पण इवलेसेच."

इतके महिने रोज लिहिलेल्या त्या वहीत खाण्याचा रकाना नव्हता. मीही १९ मेला विचारलं ते एवढंच, "खाणं किती घालता?" आणि काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "चिमूटभर." ते स्वतःचं सांगत होते. घरातला प्रत्येकजण चिमूटभरच घालत होता.

काकूंकडे मसाले मोजायचा छोटा डिजिटल काटा होता. आम्ही प्रत्येकाला सांगितलं, रोज घालता तेवढं बाटलीच्या झाकणात काढा. काकांची चिमूट ०.२ ग्रॅम. मुलांची प्रत्येकी त्याहून मोठी, आणि एकदा नव्हे तर दोनदा-तीनदा. दिवसाचे दाणे मिळून १.३ ग्रॅम भरले. कोलंबी ४ ग्रॅम. चार बोटभर मासे.

मग तिथेच वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तो मी पहिल्याच दिवशी मांडायला हवा होता. दाण्यांच्या डब्यावर फॉस्फरस किमान १ टक्का लिहिलेला. म्हणजे १.३ ग्रॅममध्ये १३ मिलिग्रॅम. कोलंबीत फॉस्फरस साधारण ०.२ टक्का, म्हणजे ४ ग्रॅममध्ये ८. बेरीज २१ मिलिग्रॅम फॉस्फरस. किट मोजतं ते फॉस्फेट, त्यासाठी तिनाने गुणायचं: ६४ च्या आसपास. दिवसाला.

आणि पाण्याचं? लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम, २७० लिटर. ५४ मिलिग्रॅम. पंचेचाळीस दिवसांत.

ज्या पाण्यावर मी साडेसहा हजार खर्च करवले, त्याने दीड महिन्यात जेवढं फॉस्फेट आणलं त्याहून जास्त त्या घरातलं प्रेम एका दिवसात टाकीत घालत होतं. घातलेलं सगळं पाण्यात उतरत नाही हे खरं. काही माशांच्या अंगी लागतं, काही स्किमर ओढून काढतो. तरी एवढ्या तफावतीपुढे ते गौण आहे. सुट्टीआधी काका एकटे ०.४ ग्रॅम घालत, म्हणजे रोजचं १२ मिलिग्रॅम फॉस्फेट. टाकी वर्षभर ते पचवत होती. पाचपट झाल्यावर तिला पेलेना.

डीआयचा खर्च वाया गेला असं मी मानत नाही. टँकरच्या पाण्यात आणखी काय असेल याचा भरवसा नसतो. पण मी क्रम चुकवला. तारखा जुळल्या म्हणून कारण जुळलं असं धरलं आणि किती मिलिग्रॅम कुठून येतंय हे मोजलं नाही. काकांना हे मी तिथेच सांगितलं.

उपाय

नातीला रागावण्याचा प्रश्नच नव्हता. काटा तिच्याच ताब्यात दिला. रोज सकाळी तिने दोन झाकणांत ०.२-०.२ ग्रॅम मोजून ठेवायचं, आणि ज्याला खायला घालायचं असेल त्याने त्यातलंच घालायचं. झाकण रिकामं दिसलं की दिवसाचं खाणं संपलं. कोलंबी फक्त रविवारी. गुरुवारी माशांना काही नाही. धडधाकट माशांना आठवड्यात एक दिवस उपास सहज सोसतो, आणि ब्लेनी तर दगडावरची लव खरवडूनच जगते.

दिवा रोज अकरा तास चालू असे. तो सहा तासांवर आणला. प्रवाळ नसल्याचा फायदा तो हाच. प्रवाळाच्या अंगात प्रकाशावर जगणारी सूक्ष्म शैवालं असतात, त्यामुळे तिथे दिवा मनाला येईल तेवढा कमी करता येत नाही. नुसत्या माशांच्या टाकीत दिवा लागतो तो आपल्या डोळ्यांसाठी. माशांना खोलीतला उजेडही दिवस-रात्र कळायला पुरतो. पश्चिमेच्या खिडकीला पडदा लावला.

मग हाताने काढणं. याला पर्याय नाही, आणि बहुतेकजण इथेच कंटाळतात. पाणी बदलताना सायफनची नळी दगडाशी धरायची, दुसऱ्या हाताने टूथब्रशने खरवडायचं, म्हणजे तुटलेले धागे पाण्यात न पसरता नळीतून बादलीत जातात. आत सुटलेला प्रत्येक तुकडा दुसरीकडे रुजतो. उपटलेली प्रत्येक मूठ आपल्याबरोबर नायट्रेट-फॉस्फेट बाहेर नेते. शेवाळ जागच्या जागी मारलं तर तेच सगळं परत पाण्यात सुटतं. चादर टाकून केलेला तीन दिवसांचा अंधार त्यामुळेच फसला होता.

काढलेलं शेवाळ पिळून तोलायचं, ही कल्पना काकांची. ती मला फार आवडली, कारण किट फसवतं पण काटा फसवत नाही. त्यांची नोंद: ९ जून, ३१० ग्रॅम. १६ जून, १४०. २३ जून, ९५. ३० जून, ९०.

अडलं ते इथे

३० जूनला रात्री फोन आला. नातवंडं शाळा सुरू झाली म्हणून पुण्याला परतली होती, घर शांत होतं आणि काका खचले होते. "अगं, मी माशांना उपास घडवतोय आणि फॉस्फेट वाढतंय. ०.१६! हे कसलं गणित?"

याची मला थोडी कल्पना होती, पण आकडा एवढा जाईल असं वाटलं नव्हतं. चुनखडीचा दगड फॉस्फेट धरून ठेवतो. पाण्यात जास्त असलं की आपल्या पृष्ठावर ओढून घेतो, पाण्यातलं कमी झालं की हळूहळू सोडतो. सुट्टीतल्या सात-आठ आठवड्यांत घातलेलं दगडांत मुरलं होतं. आता एकीकडे दगड सोडत होते आणि दुसरीकडे ते खाणारं शेवाळ आम्ही उपटून टाकलं होतं. मेमधल्या ०.०६ पेक्षा जूनमधलं ०.१६ हे चांगलं लक्षण होतं. मेमध्ये ते दिसत नव्हतं एवढंच. हे काकांना फोनवर पटवायला पाऊण तास लागला. १४ जुलैला आकडा ०.१९ झाला, तेव्हा मला स्वतःलाही धीर धरावा लागला.

त्या दिवशी आम्ही लोहाच्या ऑक्साइडचे दाणे वापरायला घेतले. फॉस्फेट त्याला चिकटतं. दाणे जाळीच्या पिशवीत भरून संपात पाणी वाहतं तिथे ठेवायचे. दुकानदार अख्खा डबा वापरा म्हणत होता. आम्ही दोन चमचे घेतले आणि दर दोन आठवड्यांनी बदलले. फॉस्फेट एकदम शून्यावर आणलं तर केसाळ शेवाळ जाईल, पण उपाशी पाण्यात डायनोफ्लॅजेलेट माजण्याची भीती असते. तो तपकिरी, बुडबुडे धरणारा, शेंबडासारखा थर केसाळ शेवाळापेक्षा कितीतरी चिवट, आणि त्याच्या काही जाती गोगलगायींना मारतात. म्हणून लक्ष्य शून्य ठेवलंच नाही, ०.०५ ते ०.१ च्या मध्ये कुठेतरी.

संपाच्या एका कप्प्यात चेटो घातलं. हेही शेवाळच, पण दगडाला न धरणारं, तारेच्या गुंडाळीसारखं. डोंबिवलीच्या एका स्नेह्याने मूठभर दिलं. त्यावर रात्री छोटा दिवा. वरचा दिवा बंद असताना खालचा चालू, त्यामुळे रात्री पीएच फारसा घसरत नाही. महिन्यातून एकदा अर्धं चेटो काढून टाकायचं. एरवी दगडावर झालं असतं ते वाढणं आता खाली, काकांच्या हाताखाली होतं.

जुलैअखेर केस आखूड झाले, तेव्हा आठ गोगलगायी आणल्या. या वेळी टाकीचं पाणी थेंबाथेंबाने पिशवीत सोडत तासभर घेतला. एक मेली, सात टिकल्या. आखूड लव त्यांनी भराभर साफ केली.

पंख्यांचंही सांगायला हवं. जुलैच्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, म्हणून पंख्याने गारवाही फारसा येत नाही. पण बाहेरच उकाडा कमी झाल्याने टाकी २७ अंशांवर राहिली आणि भरायचं पाणी रोज दीड लिटरवर आलं.

वहीतली पुढची पानं

७ जुलै, ६० ग्रॅम. २१ जुलै, ४५. ४ ऑगस्ट, २५. १८ ऑगस्ट, १२ ग्रॅम आणि फॉस्फेट ०.०९. गणपतीच्या आदल्या दिवशी, ६ सप्टेंबरला, "तोलण्याइतकं नाही" अशी नोंद आहे. फॉस्फेट ०.०७, नायट्रेट ४. दोन दगडांच्या माथ्यावर जांभळट ठिपके आले आहेत. ते कोरलाइन, चुन्याचा कडक थर धरणारं शैवाल, आणि ते जिथे पसरतं तिथे केसाळ शेवाळाला बूड रोवायला जागा मिळत नाही.

थंडीत एकदा आम्ही खाडीवर गेलो होतो. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीकरांना मात्र ती रोहित पक्ष्यांसाठी आधीपासून माहीत. लहान रोहित तिथे येतो तो चिखलपाण्यातलं निळं-हिरवं शैवाल गाळून खायला, आणि ते शैवाल पोसलं जातं त्यात शहराच्या सांडपाण्याचा वाटा आहे. काका बराच वेळ गुलाबी रांगेकडे बघत होते. मग म्हणाले, "एवढ्या खाडीला खायला घालणारे किती हात असतील, नाही?"

दिवाळीला नातवंडं आली, तेव्हा झाकणं पुन्हा बाहेर निघाली. या वेळी काकांनी वहीत खाण्याचा रकाना आखून ठेवला होता आणि तो नातीच्या अक्षरात भरलेला आहे: ०.२, ०.२, गुरुवार रिकामा. पाणी परत येतं त्या पाइपच्या तोंडाशी बोटभर हिरवं अजून आहे. काकांना तेही खरवडायचं होतं. ब्लेनी रोज सकाळी तिथे चरते, म्हणून तेवढं राहू दिलं.